हरायला तरी मिळू द्या

यंदाही संपादकांचे पत्र श्रावणातच आले. ‘दिवाळी अंकासाठी नेहमीप्रमाणे काहीतरी खुसखुशीत पाठवा,’ असे त्यांनी लिहिले होते. आता सेमाडोहसारख्या ठिकाणी राहून खुसखुशीत म्हणावे असे काय असणार? दिवाळीची चकली एक असते. पण सिपनाकाठच्या दंवाने तीही सकाळपर्यंत सादळते. तेव्हा या खेपेला वाचकांनी ही सादळलेली चकलीच गोड मानून घ्यावी.

जे वाचक या पानावर नवे आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. परतवाड्याहून धारणीकडे जाणारी एस.टी. घाट चढून, सागाच्या रानातून वळणे घेत घेत जिथे चहाला थांबते, ते आमचे सेमाडोह. चिखलदरा तालुक्यातले, मेळघाटच्या ऐन गाभ्यातले गाव. १९७३-७४ साली देशातले पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले, त्यांतला एक मेळघाट. गावाला लगटून सिपना नदी वाहते. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. वाघ पाहायला येणारी मंडळी इथल्या पर्यटक-संकुलात एक रात्र राहतात, वाघ न दिसल्याबद्दल चहावाल्यापाशी तक्रार करतात आणि परत जातात. मी मास्तर म्हणून आलो तो परत गेलोच नाही. आता सेवानिवृत्त होऊन पुष्कळ वर्षे झाली. पण गावाने ‘गुरुजी’ ही पदवी काही काढून घेतलेली नाही, आणि संध्याकाळी ओसरीवर पाच-दहा पोरे दप्तरे घेऊन बसतात, ती सवयही सुटलेली नाही.

त्या ओसरीवरचीच ही गोष्ट. आमच्याकडे वर्तमानपत्र एस.टी.ने येते, त्यामुळे बातमी थोडी शिळी होऊनच हाती पडते. मी ती मोठ्याने वाचतो आणि पोरे ऐकतात. एके दिवशी कुठल्याशा आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती : मुलींच्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेची, राजमाता जिजाबाई चषकाची. मी वाचून पुढच्या बातमीकडे वळणार, तोच सातवीतल्या एका पोरीने विचारले,

“गुरुजी, जिजाऊ फुटबॉल खेळत होत्या का?”

बाकीची पोरे फिदीफिदी हसली. मीही हसलो, पण मास्तराने प्रश्नाला हसून भागत नाही. मी म्हणालो, “नाही बाई. जिजाऊंच्या काळी आपल्याकडे फुटबॉल नव्हता. पण घोड्यावर बसणे, तलवार, कारभार, न्यायनिवाडा हे सगळे त्या जाणत होत्या. म्हणून मुलींच्या चषकाला त्यांचे नाव दिले.”

नाव दिले ते २०२३-२४ च्या मोसमापासून. त्याआधी ही स्पर्धा नुसती ‘वरिष्ठ महिला राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा’ म्हणून ओळखली जाई. १९९१-९२ पासून ती भरते. राज्याराज्यांचे संघ येतात, रेल्वेचा संघ येतो, आधी गटागटांत सामने होतात, मग उपांत्य फेरी आणि शेवटी अंतिम सामना. गटात एखाद्या वेळी चुकले तर सावरता येते. पण उपांत्य फेरीला पोचल्यावर मात्र हरला तो बाद. भाषाशुद्धीवाले ज्याला पदकंदुक म्हणतात आणि बाकीचा सगळा महाराष्ट्र फुटबॉल म्हणतो, त्या खेळात ही बाद पद्धत फार जुनी आहे. एक सामना, एक निकाल, दयामाया नाही.

हे सगळे सांगताना मला एकाएकी एक गोष्ट सुचली आणि मी मोठ्या अभिमानाने म्हणालो, “आणि बरे का, जिजाऊ आपल्याच! बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाच्या लखुजी जाधवरावांची ही लेक. १५९८ सालचा जन्म. दर वर्षी बारा जानेवारीला तिथे केवढी माणसे जमतात! म्हणजे या चषकाचे माहेर आपल्या वऱ्हाडात आहे.”

पोरीने क्षणभर विचार केला. मग ती म्हणाली, “मग त्यात आपल्या सेमाडोहची कोणी आहे का?”

आता मात्र कुणी हसले नाही. मीही वर्तमानपत्राची घडी घातली आणि ‘चला, पाढे म्हणा,’ असे म्हणून वेळ मारून नेली.

पाढे चालू होते. पण माझे लक्ष त्यात नव्हते. असे नव्हे की आमच्या वऱ्हाडाला खेळाचे वावडे आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी मंडळाचे पथक आगबोटीने गेले आणि आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके त्यांनी परदेशी लोकांना दाखवली. ज्या जिल्ह्यातून माणसे मल्लखांब घेऊन बर्लिनपर्यंत गेली, त्याच जिल्ह्यातल्या रानातून एक पोर चेंडू घेऊन तालुक्यापर्यंत का जाऊ नये? प्रश्न सोपा होता. उत्तर मला ठाऊक होते, आणि ते मला आवडणारे नव्हते. ते सांगण्याआधी मला वाचकांना थोडे विलायतेला न्यावे लागेल. कंटाळू नका, परतीची गाडी चुकणार नाही.

फुटबॉल हा इंग्रजांचा खेळ. पहिल्या महायुद्धात तिकडचे पुरुष आघाडीवर गेले आणि बायका तोफगोळ्यांच्या कारखान्यांत कामाला लागल्या. प्रेस्टन नावाच्या गावी डिक, कर म्हणून कारखाना होता. तिथल्या कामगार मुली जेवणाच्या सुट्टीत चेंडू लाथाडू लागल्या, मग त्यांचा संघ झाला, आणि जखमी सैनिकांच्या मदतीसाठी त्यांचे सामने होऊ लागले. लोक हसायला म्हणून आले आणि टाळ्या वाजवून गेले. १९२० सालच्या २६ डिसेंबरला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर सेंट हेलन्सच्या मुलींशी त्यांचा सामना झाला, तेव्हा आत ५३,००० प्रेक्षक होते आणि बाहेर हजारो माणसे जागा नाही म्हणून उभी होती. डिक, करच्या मुलींनी तो सामना चार-शून्य जिंकला.

एवढे झाल्यावर कोणालाही वाटेल की पुढच्या वर्षी आणखी मोठे मैदान दिले असेल. झाले उलटेच. बरोबर एक वर्षही लोटले नाही तोच, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला की हा खेळ बायकांना शोभणारा नाही, त्याला उत्तेजन देऊ नये, आणि असोसिएशनच्या कुठल्याही क्लबाने आपले मैदान बायकांना देऊ नये. मोठे मैदान गेले, पंच गेले, तिकिटे गेली. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे त्या बिचाऱ्या बागांतून नि मोकळ्या माळांवरून खेळत राहिल्या. लिली पार नावाची त्यांची एक उंचनिंच खेळाडू कोवळ्या वयात खेळू लागली होती, ती १९५१ पर्यंत खेळत होती. ती उभी हयात खेळली. पण देशाचा म्हणावा असा चषक तिच्या वाट्याला कधी आलाच नाही, कारण तो नव्हताच.

तो आला १९७०-७१ च्या मोसमात. बायकांनी आपली वेगळी संघटना १९६९ साली काढली होती, तिने ही बाद पद्धतीची स्पर्धा भरवली. ७१ संघांनी नावे दिली. ९ मे १९७१ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवर अंतिम सामना झाला आणि साउथॅम्प्टनच्या मुलींनी स्कॉटलंडच्या स्टुअर्टन अँड थिसल संघाला चार-एक असे हरवले. पुढे १९९३ मध्ये त्याच असोसिएशनने, जिने दार लावले होते तिनेच, ही स्पर्धा आपल्या हाती घेतली. आणि २०२३ साली वेम्ब्लीला या चषकाचा अंतिम सामना पाहायला ७७,३९० माणसे बसली होती.

मला या सगळ्यात कोणाचे कौतुक वाटते, सांगू? साउथॅम्प्टनचे आहेच, पण जास्त त्या स्कॉटलंडच्या मुलींचे. त्या हरल्या, आणि हरल्या म्हणून तरी त्यांचे नाव कागदावर राहिले. १९२१ पासून १९७० पर्यंतच्या किती मुली अशा असतील की ज्यांना हरायलासुद्धा मिळाले नाही! बाद पद्धत कठोर आहे हे खरे. पण बाद व्हायलाही आधी नाव नोंदवावे लागते, मैदानात उतरावे लागते, पंचाने शिट्टी फुंकावी लागते. शिट्टीच्या आधीच जी बाद होते, तिचा हिशेब कोण ठेवतो?

आता परत सेमाडोहला येतो. विलायतेतल्या त्या ठरावाची हकिगत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला त्या मिशीवाल्या साहेबांना चांगले हसायचे होते. पण हसू ओठांपर्यंत येईना. कारण तसाच एक ठराव मी स्वतः केला होता. त्याला सभा लागली नाही, अनुमोदक लागला नाही. एक मास्तर, एक हजेरीपुस्तक नि एक लाल पेन्सिल, एवढ्यावर भागले.

१९८६-८७ चा सुमार असेल. मी तेव्हा इथल्याच भागातल्या एका निवासी शाळेत होतो. त्या वर्षी खेळाच्या सामानात एक फुटबॉल आला. चामड्याचा, शिवणीचा, आत ब्लॅडर घालून पंपाने फुगवायचा. सबंध शाळेत एक चेंडू. मुलांचा संघ करायचे ठरले. पहिल्याच दिवशी मुले खेळत असताना चेंडू उडून नदीकडच्या बाजूला गेला. तिकडे मुली भांडी घासत होत्या. त्यांतली एक पोर उठली. उंच, काटक, वनमजुराची लेक. राखेने भरलेले हात तसेच ठेवून तिने अनवाणी पायाने तो चेंडू असा मारला की तो मुलांच्या डोक्यांवरून पार पलीकडच्या मोहाच्या झाडाला जाऊन लागला. मुले आ वासून पाहत राहिली. मीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी ती आणि आणखी चार जणी मैदानाच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. तोंडाने काही बोलल्या नाहीत. आमच्या कोरकू पोरी मागत नाहीत; नुसत्या उभ्या राहतात. आठवडाभर उभ्या राहिल्या. शेवटी तिने एका मुलाकडून आपले नाव कागदावर लिहून माझ्या टेबलावर ठेवले. मी काय केले? त्या नावावर लाल पेन्सिलीने काट मारली आणि खाली लिहिले : ‘मुलींसाठी खो-खो.’

मला कोणी तसे सांगितले नव्हते. तिच्या बापाची हरकत नव्हती. गावकऱ्यांना तर त्यात हरकत घेण्याजोगे काही असते हेच ठाऊक नव्हते. हरकत होती ती माझी, शहरातून बरोबर आणलेल्या ट्रंकेतली. पोरीला लागले तर काय, साहेब तपासणीला आले आणि म्हणाले ‘हे काय चालवलेय’ तर काय, असली ती भीती. खो-खो वाईट खेळ नव्हे. माझ्या मुली खो-खोत विभागापर्यंत गेल्या. पण त्या पोरीला खो-खो नको होता.

त्याच वर्षी दिवाळी झाली आणि मेळघाटात दर वर्षी येतात तसे ट्रक आले. सुगीच्या कामाला माणसे खाली सपाटीवर जातात, विटांच्या भट्ट्यांवर जातात, ती होळीला परततात. ट्रकमध्ये बिछाने, भांडी, कोंबड्या नि पोरे. त्या ट्रकमध्ये ती गेली. होळीला आली तेव्हा तिचे लग्न ठरले होते. चेंडूपायी ती शाळेत राहिली असती असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे म्हणजे चेंडूवर फार मोठे ओझे टाकणे होईल. पण राहायला एक कारण तरी झाले असते, आणि ते कारण मी पेन्सिलीने खोडले, एवढे मात्र खरे.

ओसरीवरची ती सातवीतली पोर, जिने मला ‘सेमाडोहची कोणी आहे का’ म्हणून विचारले, ती हिची नात. आता समजले ना, मी पाढे का म्हणायला लावले ते?

त्या रात्री मी कपाटातली जुनी कात्रणे काढली. आपल्या देशाची हकिगतही काही वेगळी नाही. १९७५ साली महिला फुटबॉलची वेगळी संघटना निघाली. गाठीला पैसा नाही, लोकांत प्रतिष्ठा नाही. तरी कालिकतला १९७९-८० च्या मोसमात भरलेल्या आशियाई स्पर्धेत आपल्या मुली उपविजेत्या झाल्या आणि १९८३ मध्ये पुन्हा झाल्या. पुढे राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली आणि मणिपूरने ती जणू घरचीच करून टाकली. वीसांहून अधिक वेळा चषक त्या चिमुकल्या राज्यात गेला आहे. २०२१ साली केरळात अंतिम सामना रेल्वेशी होता. गोल होईना म्हणून पेनल्टीवर निकाल लागला, तोही मणिपूरच्याच बाजूने. २०२३ मध्ये अमृतसरला तमिळनाडूने हरियाणाला दोन-एक हरवून चषक नेला, तेव्हा लोकांना नवल वाटले. या मणिपूरचीच ओइनाम बेमबेम देवी. लहानपणी मुलाचे नाव सांगून ती मुलांत खेळे. तिला २०२० साली पद्मश्री मिळाली. तिथल्या एखाद्या मास्तराने लाल पेन्सिल चालवली असती तर तिने आणखी एखादे नाव सांगितले असते, अशी माझी खात्री आहे. पण सगळ्यांना नाव बदलायचे धैर्य असते असे नाही. आमच्या पोरीने आपले खरेच नाव लिहिले होते.

कात्रणांत आपल्या महाराष्ट्राचीही एक हकिगत निघाली आणि ती वाचून मी बराच वेळ दिवा न मालवता बसून राहिलो. २०२२ च्या जानेवारीत महिलांची आशियाई चषक स्पर्धा आपल्याकडे मुंबई, नवी मुंबई नि पुणे इथे भरली होती. पहिला सामना आपण इराणशी बरोबरीत सोडवला. दुसरा तैवानशी, २३ जानेवारीला. त्या दिवशी कोरोनाने आपल्या संघातल्या इतक्या मुली आजारी पडल्या की नियमाप्रमाणे लागतात तेवढ्या तेरा जणीही उभ्या करता येईनात. सामना झाला नाही. आपला संघ स्पर्धेतून गेला, आणि इराणशी झालेला सामनाही हिशेबातून पुसला गेला. घरचे अंगण, घरची माणसे, आणि एकही सामना न हरता आपण बाद! पुढे नवी मुंबईलाच अंतिम सामन्यात चीनच्या मुली दोन गोलांनी मागे पडूनही कोरियाला तीन-दोन हरवून गेल्या. पण माझ्या मनात घर करून राहिला तो न झालेला सामना. त्या मुली हरल्या असत्या तर त्यांना इतके दुःख झाले नसते, असे मला वाटते. हरल्यावर माणूस रडतो, दुसऱ्या दिवशी उठून सरावाला लागतो. न खेळता घरी जाणाऱ्याने कशावर रडावे?

त्याच वर्षी ऑक्टोबरात सतरा वर्षांखालच्या मुलींची जागतिक स्पर्धा आपल्या देशात झाली. भुवनेश्वरला आपल्या मुली अमेरिकेशी आठ-शून्य हरल्या, मोरोक्कोशी तीन-शून्य, ब्राझीलशी पाच-शून्य. एकूण सोळा गोल झाले आणि आपला एकही नाही. तेव्हा आमच्या चहाच्या हॉटेलात एक पाहुणे मोठ्याने हसले होते. “काहून खेयाले जातेत बाप्पा, मार खायाले?” असे ते म्हणाले. मी तेव्हा गप्प बसलो. आज उत्तर देतो. त्या संघाची कर्णधार होती अष्टम उरांव, झारखंडच्या गुमला जिल्ह्यातल्या आदिवासी गावची. ती कर्णधार झाली म्हणून तिच्या घराकडे रस्ता करायला घेतला गेला, आणि त्या रस्त्याच्या कामावर तिचेच आईबाप रोजंदारीने राबत होते, असे त्या वेळी सगळ्या वर्तमानपत्रांत आले होते. पाहुण्यांना आठ गोल दिसले. मला तो रस्ता दिसतो. ती आठ गोलांनी हरायला गेली म्हणून गावात रस्ता आला. रानातल्या गावाला रस्त्याची किंमत काय असते, ते पावसाळ्यात बाळंतिणीला झोळीतून नेणाऱ्यांना विचारावे.

आणि हरून हरून माणूस शिकतो म्हणतात, ते काही सुविचाराच्या फळ्यापुरते नाही. २०२५ च्या जुलैत थायलंडला, त्यांच्याच चियांग माई गावात, भारताच्या मुलींनी दोन-एक हरवले. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी जिंकून आशियाई चषकात जाण्याची ही आपली पहिलीच वेळ. ज्या चषकातून न खेळता बाहेर पडलो, त्यात खेळून परत शिरलो.

असो. कात्रणे वाचून झाली, तेव्हा कोंबडा आरवायला लागला होता. मी परतवाड्याला जाणारी पहिली एस.टी. पकडली आणि एक फुटबॉल, एक पंप नि एक शिट्टी विकत घेऊन आलो. निवृत्तिवेतनातून याहून मोठी उधळपट्टी मी आजवर केली नव्हती.

पुढचे सगळे सांगत बसलो तर संपादक कात्री लावतील, थोडक्यात सांगतो. गावाबाहेरच्या मोकळ्या पट्टीत गुरे बसतात, ती उठवून आम्ही मैदान केले. गोलाला बांबू उभे केले. पहिल्या दिवशी चार मुली आल्या, पंधरा दिवसांनी तेरा झाल्या. नियम मी पुस्तकातून वाचून सांगितले. पण दोन नियम आमचे आम्ही घातले. एक, चेंडू रानात गेला तर एकटीने आणायला जायचे नाही, तिघींनी गलका करत जायचे. कारण अस्वलाला फुटबॉलचे नियम ठाऊक नसतात. दुसरा, सूर्य डोंगराआड गेला की निकाल काहीही असो, खेळ बंद. ‘जादा वेळ’ हा प्रकार मेळघाटात फक्त बिबट्याला आहे.

दसऱ्यानंतरच्या रविवारी धारणी रस्त्यावरच्या एका मोठ्या गावाच्या मुलींशी सामना ठरवला. त्या जीपमधून आल्या. त्यांच्या पायांत बूट होते, पाठीवर आकडे होते. आमच्या पोरी अनवाणी, कुणाच्या अंगावर शाळेचा गणवेश, कुणाच्या अंगावर भावाचा सदरा. पंच मीच. पाव तासात पहिला गोल झाला आमच्यावर, आणि आमच्या तेराच्या तेरा जणी टाळ्या वाजवू लागल्या! त्यांनी उभ्या जन्मात सामन्यातला गोल पाहिलाच नव्हता. तो कोणावर झाला हा विचार नंतरचा. पाहुण्या मुली गोंधळल्या, मग त्याही हसू लागल्या. मी शिट्टी तोंडात धरून उभा होतो, म्हणून माझे हसू कोणाला दिसले नाही.

शेवटी पाच-शून्य असे आम्ही हरलो. नातीने मात्र एक चेंडू असा मारला की तो बांबूला लागून परत आला आणि बांबू अर्धवट वाकला. तो पाहून माझ्या पोटात लक्कन हलले. तो पाय मी ओळखत होतो.

सामना सुटल्यावर पाहतो तो मैदानाच्या कडेला, जिथे पूर्वी पाच पोरी उभ्या राहत तशीच, लुगड्याचा पदर खोचून ती उभी होती. आता आजी झालेली. बाजारातून सीताफळे विकून परतताना थांबली होती, रिकामी टोपली पायाशी होती. इतक्या वर्षांत बाजारात, नदीवर, होळीला शेकडो वेळा आमची गाठ पडली होती. पण त्या कागदाचा विषय ना तिने काढला होता, ना मी. मी तिच्यापाशी गेलो. काहीतरी बोलायचे म्हणून म्हणालो, “हरली गं तुझी नात.”

ती म्हणाली, “हारली तं हारली, गुरुजी. खेयली तं खरी.”

मग मी म्हटले, “माझ्याकडून तेव्हा चूक झाली. तुझे नाव मी खोडायला नको होते.” मास्तराला हे वाक्य म्हणायला फार वेळ लागला, असे वाचक म्हणतील. लागला. जवळजवळ चाळीस वर्षे लागली. इंग्लंडच्या असोसिएशनपेक्षा दहा कमी, एवढेच काय ते माझे भूषण.

तिने काही उत्तर दिले नाही. टोपली उचलली, चुंबळ डोक्यावर ठेवली. मी विचारले, “परतीचा सामना पौषात ठरतोय. पण दिवाळी झाली की ट्रक येतील. नातीचे काय?” दिवाळीनंतर थाट्यांचे नाच होतात, घुंगरू बाजार भरतात, आणि त्या घुंगरांचा आवाज विरतो न विरतो तोच ट्रकचे भोंगे वाजू लागतात, हे आम्हा दोघांना चांगले ठाऊक होते. पोरीचे आईबाप दर वर्षी जातात, आणि पोरीलाही नेतात. धाकट्या भावाला सांभाळायला कोणी लागते.

ती चालता चालता थांबली. म्हणाली, “ट्रक जाईन तं जाईन. पोरगी माह्यापाशी राहीन. लहानगाबी राहीन. मी हाओ ना!”

वाचकहो, जिजाऊंच्या नावाचा चषक कधी सेमाडोहला येईल, अशी भाबडी आशा मी करीत नाही. बांबू वाकलेल्या मैदानावरून राष्ट्रीय स्पर्धेपर्यंतची वाट फार लांब आहे, आणि तिथे मणिपूरच्या मुली वाट अडवून उभ्या आहेत! मला एवढेच हवे आहे की आमची एखादी पोर तालुक्याला जावी, तिथे हरावी. दुसरी जिल्ह्याला जावी, तिथे हरावी. आणि तिसरी कधी काळी त्या चषकाच्या पहिल्याच सामन्यात सपाटून हरून, रडून, डोळे पुसून परत यावी. कुठेतरी तिच्या नावापुढे लिहिलेले असावे : ‘सामन्यात पराभूत.’ ‘मुलींसाठी खो-खो’ यापेक्षा ते किती चांगले!

तुमच्या घरी दिवाळीला लेकी, सुना, नाती जमल्या असतील. अंगणात फटाके उडवून झाले की एखादा चेंडू काढा आणि त्यांच्याकडे टाका. काच फुटली तर फुटू द्या. आणि त्या हरल्या तर हसू नका.

आमचा परतीचा सामना पौषातल्या पहिल्या रविवारी आहे. वाकलेला बांबू बदलला आहे.